घसा, कान आणि आकडा

२४ मार्च १९८९. मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली होती, तेव्हा अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्सॉन वाल्डीझ' हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात सांडले. कॅप्टन जोसेफ हेझलवुड दारूच्या अमलाखाली होते का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. पण रक्ताचा नमुना घेईपर्यंत दहाएक तास निघून गेले होते. चौकशीसाठी हाताशी उरला तो त्यांचा आवाज. तटरक्षक दलाशी रेडिओवर झालेले त्यांचे बोलणे टेपवर होते: अपघाताच्या ३३ तास आधीचे, तासभर आधीचे, अपघात होताच केलेले, मग एका तासाने आणि नऊ तासांनी केलेले.

इंडियाना विद्यापीठातील कीथ जॉन्सन, डेव्हिड पिसोनी आणि रॉबर्ट बर्नॅकी यांनी त्या टेपा ऐकल्या आणि मोजल्याही. अपघाताच्या आसपास कॅप्टनचे बोलणे संथ झाले होते, 'स' हा 'श'कडे कलत होता, जीभ अडखळत होती. स्वयंसेवकांना दारू पाजून प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासांतही असेच बदल दिसले होते. तरी १९९० मध्ये निबंध प्रसिद्ध करताना या तिघांनी शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले. थकवा, भीती, रेडिओची खरखर यांनीही बोलणे बदलते, हे त्यांना ठाऊक होते. त्याच वर्षी ज्युरीने दारूच्या आरोपातून कॅप्टनना मोकळे केले. तेल सांडण्यातला निष्काळजीपणा तेवढा त्यांच्यावर शाबीत झाला.

आवाजाच्या परीक्षेतले बहुतेक पेच या प्रकरणात एकत्र सापडतात. कोणाच्या आवाजाची तुलना कोणाशी करायची? इथे ती कॅप्टनच्याच आधीच्या आवाजाशी झाली, म्हणून तिला वजन आले. कानाला जाणवलेला फरक यंत्रावर उमटतो का? आणि उमटला, तरी त्याचे कारण एकच आहे हे कशावरून? रुग्णालयातला वाचाउपचारतज्ज्ञ, विद्यापीठातला ध्वनिशास्त्रज्ञ आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला तपासनीस या तिघांनाही हेच प्रश्न रोज पडतात. घसा पाहणे, कानाने ऐकणे, यंत्राने मोजणे आणि बोलणाऱ्याला विचारणे या चार वाटांनी ते उत्तराकडे जातात. एकाच वाटेवर विसंबणारा बहुधा फसतो, असे या विषयाचा इतिहास सांगतो.

आधी एक फरक स्पष्ट व्हायला हवा. "आवाज बसलाय" आणि "काय बोलतो ते कळत नाही" ही दोन वेगळी दुखणी आहेत. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातल्या दोन स्वररज्जूंमधून जाते, त्या थरथरतात आणि आवाज निर्माण होतो. प्रौढ पुरुषात ही थरथर सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते, स्त्रीत दोनशेच्या आसपास, लहान मुलांत त्याहून अधिक. हा मूळ आवाज म्हणजे नुसती गुणगुण असते. घसा, जीभ, टाळू, ओठ आणि नाक तिला आकार देतात, तेव्हा 'आ' आणि 'ई' वेगळे होतात, 'क' आणि 'त' ऐकू येतात. स्वीडनच्या गुनार फान्ट यांनी १९६० मध्ये या दोन टप्प्यांची गणिती मांडणी पक्की केली. पहिल्या टप्प्यातला बिघाड तो आवाजाचा, दुसऱ्यातला तो उच्चाराचा. पक्षाघातानंतर शब्दच न सुचणे हा तिसरा, भाषेचा प्रांत. तो इथे बाजूला ठेवला आहे.

स्वररज्जू थरथरतात कशामुळे, यावरही एकेकाळी कडाक्याचा वाद झाला. १९५० मध्ये फ्रान्सच्या राऊल ह्यूसाँ यांनी मांडले की प्रत्येक थरथरीसाठी मेंदूकडून स्वतंत्र हुकूम येतो. म्हणजे तारसप्तकात गाणाऱ्या स्त्रीच्या घशाला सेकंदाला हजाराच्या घरात हुकूम पोचायला हवेत. मज्जातंतूंचा वेग त्याला पुरणारा नाही. शिवाय मृतदेहातून काढलेल्या स्वरयंत्रात नुसती हवा फुंकली तरी आवाज निघतो, तिथे हुकूम कोण देणार? नेदरलँड्सचे यान्विलेम व्हान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये हवेचा दाब आणि रज्जूंची लवचीकता यांच्या जोरावर थरथर कशी चालू राहते ते दाखवले आणि वाद मिटला. दवाखान्याच्या दृष्टीने या वादाचे फलित मोठे आहे. थरथर जर रज्जूंच्या मऊ आवरणावर अवलंबून असेल, तर त्या आवरणावरची किंचितशी सूजही आवाज बदलून टाकणार. जपानचे मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये रज्जूंची ही थरांची रचना, वरचे सैल आवरण आणि आतला स्नायू, नीट उलगडून दाखवली.

जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची युक्ती मात्र गाण्याच्या मास्तराला सुचली. मानुएल गार्सिया हे युरोपातले नामांकित गानगुरू. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि गाता गाता स्वतःच्या स्वररज्जू पाहिल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. डॉक्टरांनी ही पद्धत उचलली ती त्यानंतर, टुर्क आणि चेरमाक यांच्यामार्फत. चेरमाकनी सूर्याऐवजी दिव्याचा उजेड वापरला आणि ढगाळ दिवशीही तपासणी शक्य झाली. गार्सिया १०१ वर्षे जगले आणि आपल्या आरशातून स्वरयंत्र-चिकित्सेचे शास्त्र उभे राहिलेले त्यांनी पाहिले.

आरशाला एक मर्यादा होती. सेकंदाला दोनशे वेळा हलणारी वस्तू डोळ्याला धूसर पट्टीसारखी दिसते. ट्यूबलाइटखाली फिरणाऱ्या पंख्याची पाती कधी थांबल्यासारखी, कधी उलट फिरल्यासारखी दिसतात, तोच चकवा इथे कामाला लावला गेला. आवाजाच्या पट्टीशी जवळपास जुळवून प्रकाश लुकलुकवला, की रज्जूंची थरथर संथ दिसू लागते. म्युनिकच्या ओर्टेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेली ही स्ट्रोबोस्कोपी आजच्या आवाज-चिकित्सेचा कणा आहे. नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण जाते, गळ्यावर मायक्रोफोन लावला जातो आणि पडद्यावर रज्जूंच्या आवरणावरून सरकणारी लाट दिसते. ओरडून ओरडून आलेल्या गाठी बहुधा दोन्ही बाजूंना समोरासमोर दिसतात; पॉलिप बहुधा एकाच बाजूला. रज्जूला अर्धांगवायू झाला असेल तर ती जागची हलत नाही. लाट एका ठिकाणी अडत असेल तर तिथे आवरण कडक झाले आहे असे समजायचे, आणि हे लक्षण गंभीरपणे घ्यायचे. कधीकधी सगळे काही ठाकठीक दिसते आणि आवाज तरीही बिघडलेला असतो. तिथे दोष स्नायूंच्या चुकीच्या ताणात असतो.

स्ट्रोबोस्कोपीचा चकवा चालतो तो थरथर नियमित असली तरच. आवाज फारच फाटका असेल तर प्रकाश कशाशी जुळवायचा? अशा वेळी सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा लागतो. बेल प्रयोगशाळेने १९४०च्या सुमारास सेकंदाला ४,००० चित्रांच्या वेगाने स्वररज्जूंचे चित्रण केले होते. आज हे काम डिजिटल कॅमेरा करतो, पण तो प्रत्येक दवाखान्यात नसतो.

आता कान. आवाजाचे प्रकार ठरवणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाच्या आवाजाचे चार भेद सांगितले आहेत: कफप्रधान तो खाहुल, म्हणजे स्निग्ध आणि मधुर, पित्तप्रधान तो नाराट, म्हणजे भरीव आणि गंभीर, वातप्रधान तो बोंबक, म्हणजे कोरडा, मोठा पण आतून पोकळ, आणि चौथा मिश्र. त्याहून जुन्या पाणिनीय शिक्षेने वाईट वाचकाचे सहा दोष मोजले आहेत, त्यांत गाण्यासारखे वाचणारा आणि घाईने वाचणारा आहे, तसाच क्षीण गळ्याचाही आहे. कफ-पित्त-वाताची कारणमीमांसा आज कोणी स्वीकारणार नाही. पण आवाजाचे गुण सुटे करायचे, त्यांना नावे द्यायची आणि शरीरातल्या कारणाशी त्यांची सांगड घालायची, हा प्रयत्न आजच्या तपासणी-तक्त्यांच्या जातकुळीचाच आहे.

आजचा सर्वांत रुळलेला तक्ता जपानमधून आला. तिथल्या तज्ज्ञांनी तयार केलेली आणि हिरानो यांच्या १९८१च्या पुस्तकामुळे जगभर गेलेली 'ग्रबास' पद्धत पाच गोष्टी ऐकते: एकूण बिघाड किती, खरखर किती, आवाजात हवा किती, दुबळेपणा किती आणि ताण किती. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दोन मिनिटांचे काम, कागद-पेन पुरे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये पिट्सबर्गला जमून 'केप-व्ही' नावाचा दुसरा तक्ता आखला. त्यात गुणांऐवजी १०० मिलिमीटरची रेघ असते. जितका बिघाड वाटला तितक्या अंतरावर खूण करायची. रुग्णाकडून दोन स्वर लांबवून घ्यायचे, ठरलेली सहा वाक्ये म्हणवून घ्यायची आणि थोडे मोकळे बोलायला लावायचे.

पण कान हा लहरी परीक्षक आहे. लॉस एंजेलिसच्या जोडी क्रायमन आणि ब्रूस गेराट यांनी नव्वदच्या दशकात एकामागून एक प्रयोग करून दाखवले की ठणठणीत आवाज आणि पार गेलेला आवाज यांवर तज्ज्ञांचे एकमत होते. मधल्या आवाजांवर मात्र चांगलेच मतभेद होतात. दवाखान्यात येणारे बहुतेक आवाज मधलेच असतात, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. एकाचा 'घोगरा' तो दुसऱ्याचा 'भसाडा' असतो. आधीचा रुग्ण फार वाईट आवाजाचा असेल तर पुढचा बरा वाटतो. दिवसभर खराब आवाज ऐकणाऱ्याची मनातली फूटपट्टीच सरकते. म्हणून आता प्रशिक्षणात ठरावीक नमुना-आवाज ऐकवून कान पुन्हा जागेवर आणतात आणि संशोधनात एकच ध्वनिमुद्रण अनेकांना, क्रम बदलून, रुग्णाचे नाव लपवून ऐकवतात.

कान बेभरवशाचा, तर यंत्र बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेल प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोग्राफ तयार झाला आणि आवाज प्रथमच कागदावर वाचता येण्याजोगा उतरला: आडवा काळ, उभी कंप्रता आणि जोर जितका जास्त तितकी शाई गडद. १९४७ मध्ये या चित्रांवर ग्रंथ निघाला, तेव्हा बहिरी माणसे ही चित्रे पाहून बोलणे वाचू शकतील अशी आशा होती. ती फळाला आली नाही, पण संशोधकांना मात्र कायमचे हत्यार मिळाले. पुढे साठच्या दशकात फिलिप लिबरमन यांनी एका आवर्तनापासून पुढच्या आवर्तनापर्यंत कालावधीत होणारी बारीक चलबिचल मोजली. आज ती 'जिटर' म्हणून ओळखली जाते, आणि जोरातली तशीच चलबिचल 'शिमर' म्हणून. एका प्रचलित संगणक-प्रणालीने जिटरसाठी १.०४ टक्के आणि शिमरसाठी ३.८१ टक्के अशा मर्यादा छापल्या. पुढची कित्येक वर्षे जगभरचे अहवाल या दोन आकड्यांभोवती फिरत राहिले.

इथे एक गंमत होती आणि ती लक्षात यायला वेळ लागला. जिटर मोजायचा तर एक आवर्तन कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे यंत्राला ओळखता आले पाहिजे. आवाज जितका बिघडलेला, तितके ते अवघड. म्हणजे ज्या रुग्णासाठी मोजमाप हवे, त्याच्याच बाबतीत ते डळमळीत! इंगो टिट्झे यांनी १९९५ च्या अहवालात आवाजाच्या लहरींचे तीन वर्ग पाडले आणि जिटर-शिमर फक्त पहिल्या, जवळपास नियमित वर्गासाठीच ग्राह्य धरावेत असे बजावले. तिसऱ्या, पूर्ण अस्ताव्यस्त वर्गासाठी कानावरच भिस्त ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. ज्या कानाला यंत्र बाजूला सारणार होते, त्याच्याकडेच यंत्राने रुग्ण परत पाठवला. तरीही रुग्णाच्या फायलीत पाच दशांश स्थळांपर्यंत जिटर छापलेल्या प्रती आजही निघतात. त्या दिसायला छान असतात, एवढेच म्हणता येईल.

सुटका आली ती अनपेक्षित दिशेने. १९६३ मध्ये बोगर्ट, हीली आणि टुकी यांनी भूकंपलहरींतले प्रतिध्वनी हुडकण्यासाठी 'सेप्स्ट्रम' नावाची गणिती रीत काढली. बेल प्रयोगशाळेतल्या नोल यांनी ती आवाजाची पट्टी शोधायला वापरली आणि १९९४ मध्ये जेम्स हिलनब्रँड व सहकाऱ्यांनी तिच्यातून आवाजातली हवा मोजण्याचा मार्ग दाखवला. या पद्धतीला एकेक आवर्तन वेचावे लागत नाही. एकूण लहर किती शिस्तीत आहे ते एका शिखराच्या उंचीवरून कळते. लांबवलेला 'आ' तिला चालतो, तसे सलग बोलणेही चालते. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सुचवलेल्या तपासणी-पद्धतीत याच मोजमापाला मान आहे. बेल्जियमच्या युरी मारिन यांनी २०१० मध्ये अशी सहा मोजमापे एकत्र करून एकच निर्देशांक बांधला, त्यात सलग बोलणे आणि लांब स्वर दोन्ही जमेस धरले जातात. हे सगळे करण्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. ॲम्स्टरडॅमच्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी लिहिलेली 'प्रात' ही संगणक-प्रणाली फुकट मिळते आणि मराठी भाषाविज्ञानाचा विद्यार्थीही तीच वापरतो. लागते ती शांत खोली, बरा मायक्रोफोन आणि तोंडापासून त्याचे ठरलेले अंतर. मोबाइलवर आलेल्या ध्वनिसंदेशावरून निदान करू नये, कारण फोन आवाज दाबून, गाळून, 'सुधारून' पाठवतो.

काही परीक्षांना तर घड्याळाच्या काट्याखेरीज काही लागत नाही. खोल श्वास घेऊन 'आ' किती वेळ लांबवता येतो? निरोगी प्रौढाला पंधरा ते पंचवीस सेकंद सहज जमते. दहाच्या आत आले तर तपासणारा सावध होतो. मग 'स' आणि 'माझा'मधल्या 'झ'सारखा घोष आवाज वेगवेगळे लांबवून घेतात. पहिल्यात रज्जू थरथरत नाहीत, दुसऱ्यात थरथरतात. दोन्हींचा वेळ सारखा आला तर ठीक. 'स' जवळपास दीडपट लांबला, तर फुप्फुस धड आहे आणि हवा रज्जूंच्या फटीतून निसटते आहे, असा संशय घ्यायचा. दमसास आणि गाणे यांचे नाते मात्र इतके सरळ नाही. क्षयाने कुमार गंधर्वांचे एक फुप्फुस निकामी केले, देवासला ते वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होते, आणि परतले ते छोट्या छोट्या, तुटक आणि तेजस्वी स्वरावलींची नवी गायकी घेऊन. सेकंद मोजणाऱ्या घड्याळाने त्यांना नापास केले असते.

यावरूनच चौथ्या वाटेची गरज कळते: ज्याचा आवाज आहे त्याला विचारणे. १९९७ मध्ये बार्बरा जेकबसन आणि सहकाऱ्यांनी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आवाजामुळे कामात अडचण येते का, बोलताना शरीराला त्रास होतो का, मनाला काय वाटते, अशा तीन गटांत प्रत्येकी दहा प्रश्न; एकूण गुण शून्य ते १२०. तिच्यामुळे डॉक्टरांना एक अवघड गोष्ट मान्य करावी लागली. सारखीच गाठ असलेल्या दोन माणसांत एकाला ती जाणवतही नाही आणि दुसऱ्याची नोकरी जाते. हिशेबनीस आणि शाळामास्तर यांचे दुखणे दुर्बिणीत सारखे दिसते, आयुष्यात नाही.

मास्तरांचा उल्लेख उगाच नाही. अमेरिकेच्या आयोवा आणि युटा राज्यांत नेल्सन रॉय व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेल्या शिक्षकांचे प्रमाण ५७.७ टक्के निघाले; इतर व्यवसायांत ते २८.८ टक्के होते. टिट्झे आणि एरिक हंटर यांनी ५७ शिक्षकांच्या गळ्यावर दोन आठवडे संवेदक लावून पाहिले, तर शाळेच्या तासांत त्यांच्या स्वररज्जू एरवीच्या दुपटीहून अधिक काळ थरथरत होत्या. साठ-साठ मुलांचे वर्ग, रस्त्यालगतच्या शाळा आणि पत्र्याच्या छपरांवर पाऊस वाजणाऱ्या खोल्या पाहता आपल्याकडचे चित्र याहून सौम्य असण्याचे कारण दिसत नाही.

उच्चारांच्या परीक्षेत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे काम पायाभूत आहे. फ्रेडरिक डार्ली, आर्नल्ड ॲरन्सन आणि जो ब्राउन यांनी १९६९ मध्ये मज्जासंस्थेच्या सात प्रकारच्या आजारांतल्या २१२ रुग्णांचे बोलणे ऐकले आणि प्रत्येकाला ३८ निकषांवर गुण दिले. निष्कर्ष विलक्षण होता: मेंदूचा कोणता भाग बिघडला आहे त्यानुसार बोलणे वेगवेगळ्या ठरावीक रीतीने बिघडते. पार्किन्सनमध्ये आवाज एकसुरी आणि बारीक होतो, शब्द मध्येच धावत सुटतात. लहान मेंदूचा विकार असेल तर प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर पडतो आणि उच्चार अवचित कोलमडतात. आजही मज्जाविकारतज्ज्ञ रुग्णाला 'प-त-क, प-त-क' असे जमेल तितक्या भरभर म्हणायला लावतो, ते ओठ, जिभेचे टोक आणि जिभेचा मागचा भाग या तिघांची एका दमात हजेरी घेण्यासाठी. निरोगी प्रौढ सेकंदाला पाच ते सात अक्षरे म्हणतो.

दुभंगलेल्या टाळूच्या मुलाची परीक्षा याहून साधी. नाकाखाली थंड आरसा धरायचा आणि नासिक्य वर्ण नसलेले वाक्य म्हणवून घ्यायचे, समजा "बाबा, पोळी द्या". आरशावर वाफ धरली तर हवा नाकावाटे गळते आहे. तोंड आणि नाक यांच्यामध्ये पट्टी ठेवून दोन मायक्रोफोनने गळतीची टक्केवारी काढणारी यंत्रेही आहेत. शस्त्रक्रियेनंतर सुधारणा किती झाली, हे पालकांना दाखवायला ती टक्केवारी उपयोगी पडते.

आणि इथेच मराठीचा प्रश्न येतो, जो या विषयावरच्या परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. 'केप-व्ही'ची सहा वाक्ये अर्थासाठी निवडलेली नाहीत. एकात सगळे वर्ण घोष, एकात नासिक्यांची रेलचेल, एकात स्वरांनी सुरू होणारे शब्द, असा प्रत्येकाचा हेतू आहे. त्यांचे मराठी भाषांतर केले तर अर्थ राहतो आणि हेतू जातो. वाक्ये नव्यानेच बांधायला हवीत. शिवाय इंग्रजीत आवाजातली हवा हे सहसा बिघाडाचे लक्षण. मराठीत 'घर', 'भात', 'म्हातारा', 'न्हावी' हे शब्द ती हवा मिसळल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. इंग्रजी सलग बोलण्यावर बसवलेला आकडा मराठी वाक्याला लावला तर निरोगी बोलणाराही संशयित ठरू शकतो.

बोलींचे तर विचारूच नका. वऱ्हाडातले मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणते, आणि कितीतरी घरांत 'पाणी' हे 'पानी'च असते. पुण्याच्या पुस्तकी कसोटीने अशा मुलाला उच्चारदोष लावणे ही शुद्ध चूक आहे. ते मूल आपल्या आई-आजीसारखेच अचूक बोलते आहे. तपासणाऱ्याने आधी घरचे बोलणे ऐकावे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रातली माणसे घडवत आहेत, भारतीय भाषांसाठी कसोट्या तयार करण्याचे कामही होते आहे; पण मराठीचा पसारा पाहता बोलीनिहाय नोंदींचे काम अजून पुष्कळ उरले आहे.

आकड्यावरच्या आंधळ्या विश्वासाची दोन उदाहरणे या क्षेत्राबाहेरच्या वाचकालाही माहीत असावीत. बेल प्रयोगशाळेचे लॉरेन्स कर्स्टा यांनी १९६२ मध्ये 'व्हॉइसप्रिंट'ची कल्पना मांडली: बोटाच्या ठशासारखाच आवाजाचाही ठसा असतो आणि तो ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. अमेरिकेतल्या काही न्यायालयांनी तो मानलाही. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने दाव्याला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. बोटाचा ठसा बदलत नाही. आवाज सर्दीने, रागाने, वयाने, फोनने बदलतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रितेश सिन्हा प्रकरणात आरोपीचा आवाजाचा नमुना घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आता तो थेट नमूद आहे. नमुना घेता येणे आणि त्यातून ओळख सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे, हे वकिलांनी विसरू नये.

दुसरे उदाहरण ताजे आहे. कोविडच्या काळात खोकला किंवा आवाज ऐकून संगणक आजार ओळखतो, अशा बातम्या झळकल्या. ब्रिटनमध्ये सुमारे ६७ हजार लोकांच्या ध्वनिमुद्रणांवर झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळेच सांगतो. वरवर पाहता संगणकाची कामगिरी उत्तम होती; पण वय, लक्षणे वगैरे बाबतींत सारख्या माणसांची जोडी लावून तुलना केली, तेव्हा ती घसरली. "ताप आहे का, वास येतो का" असे साधे प्रश्न विचारण्यापेक्षा संगणक अधिक काही सांगत नव्हता. पार्किन्सनपासून नैराश्यापर्यंत अनेक आजारांसाठी असे दावे आज होत आहेत. त्यांतले काही खरे ठरतीलही. प्रत्येक वेळी विचारायचे ते एवढेच, की तुलना कोणाशी केली.

वाचकाला या सगळ्यातून उचलण्याजोगी गोष्ट व्यवहाराची आहे. सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज सहसा दोन-तीन आठवड्यांत मोकळा होतो. चार आठवडे उलटूनही घसा घोगराच राहिला, तर गुळण्या आणि ज्येष्ठमध यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहून घ्यावे. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल, मानेत गाठ लागत असेल, गिळताना दुखत असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर चार आठवडेही थांबू नये. स्वररज्जूंवरचा कर्करोग आवाज लवकर बदलतो, म्हणून तो लवकर सापडू शकतो, आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो.